उमेदवाराचे चारित्र्य आणि अवतरणचिन्हांची जबाबदारी

उमेदवाराच्या नैतिक चारित्र्याविषयी प्रश्न विचारावेत की नाही, हा वाद आपल्याकडे प्रत्येक निवडणुकीत होतो आणि प्रत्येक वेळी चुकीच्या जागी अडकून पडतो. एक बाजू म्हणते, वैयक्तिक गोष्टींत शिरू नका, कामावर बोला. दुसरी म्हणते, आग असल्याशिवाय धूर निघत नाही, आणि लोकांची मते मागणाऱ्याला खासगी असे काही उरतच नाही. दोन्ही बाजू तावातावाने भांडत असताना ज्या विधानावरून हे सगळे पेटले ते विधान त्या उमेदवाराने खरोखर केले होते का, कुठे केले, कोणी ऐकले, त्याच्या आधी आणि नंतर तो काय बोलला होता, याची चौकशी करायला कोणी थांबत नाही. माझे मत असे आहे की उमेदवाराचे चारित्र्य हा मतदाराच्या हक्काचा विषय आहे आणि त्याविषयी कठोरातला कठोर प्रश्न विचारला गेला पाहिजे. पण जो कोणी उमेदवाराच्या तोंडी शब्द घालतो, त्याने त्या शब्दांचा उगम दाखवलाच पाहिजे, आणि तो दाखवता येत नसेल तर ते वाक्य अवतरणचिन्हांत लिहिण्याचा अधिकार त्याला नाही. यांतला पहिला हक्क दुसऱ्या जबाबदारीवाचून टिकत नाही, हे मला येथे मांडायचे आहे.

'वैयक्तिक बोलू नका' म्हणणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. निवडणूक आयोगाची आदर्श आचारसंहिताही जवळपास हेच सांगते: विरोधी पक्षांवरील टीका त्यांची धोरणे, कार्यक्रम, पूर्वीची कामगिरी आणि काम यांपुरती असावी, नेत्यांच्या सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर टीका करू नये, आणि पडताळणी न झालेल्या आरोपांवर किंवा विपर्यासावर आधारलेली टीका टाळावी. मात्र ही वाक्यरचना नीट वाचली तर तिच्यात सरसकट मनाई नाही, असे दिसेल. 'सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेले' ही त्यातली अट महत्त्वाची आहे. खासगी वर्तन आणि सार्वजनिक दावा जेथे एकमेकांना भिडतात, तेथे प्रश्न विचारणे हे शिष्टाचाराचे उल्लंघन कसे ठरेल?

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे कोणत्याही मतदारसंघाचे उमेदवार नव्हते, पण या कसोटीचे त्यांच्याइतके स्पष्ट उदाहरण मराठी सार्वजनिक जीवनात दुसरे सापडणे कठीण आहे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी १८७३ मध्ये पहिल्या पत्नीच्या निधनानंतर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला. त्यांच्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती, कारण ते लोकांना जे सांगत होते तेच स्वतःवर वेळ आल्यावर त्यांना करता आले नव्हते. या प्रसंगातली दुसरी बाजू मला तितकीच मोलाची वाटते. घटना निर्विवाद होती, रानड्यांनी ती नाकारली नाही, आणि ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला त्या रमाबाईंनीच पुढे आपल्या आठवणींत त्या विवाहाची हकीकत लिहिली. त्यामुळे दीडशे वर्षांनंतरही आपण त्या प्रसंगावर भांडू शकतो, रानड्यांना दोष देऊ शकतो किंवा त्यांची अडचण समजून घेऊ शकतो. वाद त्यांच्या वर्तनाच्या अर्थाविषयी होतो, घडले की नाही याविषयी होत नाही. चारित्र्याविषयीचा वाद फलदायी व्हायचा तर त्याला असा भक्कम पाया लागतो.

आता ज्या प्रकरणाकडे मला खरे म्हणजे लक्ष वेधायचे आहे, त्याकडे येतो. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबईतून स. का. पाटील उभे होते. तीनदा मुंबईचे महापौर, केंद्रीय मंत्री, मुंबई काँग्रेसचा सगळा कारभार हातात असलेले, मुंबईचे अनभिषिक्त सम्राट म्हणून ओळखले जाणारे. त्यांच्यासमोर जॉर्ज फर्नांडिस होते, कामगार पुढारी आणि महापालिकेतले नगरसेवक. 'देवसुद्धा मला हरवू शकत नाही' हे पाटलांच्या नावावरचे वाक्य त्या प्रचारात मुंबईभर गाजले, आणि देव हरवू शकत नसेल पण तुम्ही हरवू शकता, असे आवाहन मतदारांना केले गेले. पुढे सांगितल्या गेलेल्या हकीकतींत हे वाक्य पत्रकाराच्या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणून येते, आणि देवाचा उल्लेख मुळात प्रश्नातच होता असे दिसते. तसे असेल तर पाटलांचा गर्व खोटा ठरत नाही. उत्तर देताना त्यांना थांबता आले असते. पण प्रश्नाने ओढून काढलेली बढाई आणि स्वतःहून केलेली घोषणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भित्तिपत्रकावर प्रश्न छापलेला नसतो.

पाटलांच्याच नावावरचे दुसरे वाक्य याहून प्रसिद्ध आहे. २० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीवर मोरारजी देसाई आणि पाटील यांची सभा झाली आणि मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असे तिथे सांगितले गेले, हे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची माहिती असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण नेमके शब्द कोणते? कोणी 'यावच्चंद्रदिवाकरौ' सांगतो, कोणी 'पाच हजार वर्षे', कोणी 'काँग्रेस जिवंत आहे तोवर'. कोणते वाक्य पाटलांचे आणि कोणते मोरारजींचे, याचीही अदलाबदल होत राहते. माझ्या मते पाटलांना त्यांच्या भूमिकेबद्दल जाब विचारण्यासाठी यांतल्या एकाही अलंकृत वाक्याची गरज नव्हती. मुंबई महाराष्ट्रात जाऊ नये हा त्यांचा पवित्रा उघड होता, त्यांनी तो वर्षानुवर्षे जाहीरपणे घेतला होता, आणि ज्या लढ्यात माणसे गोळीबारात मेली त्या लढ्याच्या विरुद्ध ते उभे होते. एवढे पुरावे हाताशी असताना एखाद्या चमकदार वाक्यावर विसंबून राहिल्याने आरोप बळकट होत नाही, उलट प्रतिपक्षाला त्या एका वाक्याच्या खरेखोटेपणावर सगळा वाद वळवण्याची सोय होते.

पाटील सुमारे २९ हजार मतांनी हरले. त्यानंतर एका मतदाराने निवडणूक याचिका दाखल केली आणि ते प्रकरण 'सामंत बालकृष्ण विरुद्ध जॉर्ज फर्नांडिस' या नावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आचार्य अत्रे यांच्या 'मराठा' दैनिकात पाटलांच्या वैयक्तिक चारित्र्यावर आलेला मजकूर खोटा होता आणि तो भ्रष्ट निवडणूक आचार ठरतो, हा त्या याचिकेतील एक मुख्य आरोप होता. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) नुसार उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी खोटे विधान प्रसिद्ध करणे हा भ्रष्ट आचार आहे, जर प्रसिद्ध करणाऱ्याला ते खोटे वाटत असेल किंवा ते खरे असल्याचा त्याचा विश्वास नसेल आणि ते विधान त्या उमेदवाराच्या निवडून येण्याच्या शक्यतेला बाधा आणण्याजोगे असेल. फर्नांडिस यांची त्या मजकुराला संमती होती हे सिद्ध झाले नाही आणि १९६९ मध्ये त्यांची निवड कायम राहिली. पण या निकालात सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी वृत्तपत्रातील बातम्यांविषयी जे म्हटले ते आजही न्यायालयांत उद्धृत होते. त्याचा आशय असा की प्रत्यक्ष काय घडले हे साक्षीदारांकरवी सिद्ध झाल्यावाचून नुसत्या बातमीला पुरावा म्हणून किंमत नाही. वार्ताहर माहिती गोळा करतो, ती संपादकाकडे जाते, संपादक तिच्यावर हात फिरवतो, आणि या प्रवासात सत्य बिघडू शकते. न्यायालय वृत्तपत्रांवर अविश्वास दाखवत होते असे मला वाटत नाही. ते फक्त हे सांगत होते की शब्द एका तोंडातून दुसऱ्या हातात जाताना प्रत्येक टप्प्यावर बदलू शकतो, आणि म्हणून पहिल्या तोंडापर्यंत परत जाण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे. वार्ताहर आणि संपादक एवढेच दोन टप्पे असलेल्या काळात ज्या न्यायालयाला ही सावधगिरी आवश्यक वाटली, त्याने शेकडो अनोळखी हातांतून फिरून मोबाइलवर येणाऱ्या निनावी वाक्याविषयी काय म्हटले असते?

येथे एक आक्षेप येतो, आणि तो मला सर्वांत जोरदार वाटतो. लोक म्हणतात, ते वाक्य त्याने त्या शब्दांत म्हटले नसेलही, पण त्याच्या मनात तेच आहे. त्याच्या सगळ्या राजकारणाचा अर्थ तोच आहे. मग शब्दांवर अडून बसण्यात काय मतलब? हा आक्षेप प्रामाणिक माणसेही घेतात. त्याला उत्तर असे की एखाद्याच्या राजकारणाचा अर्थ खरोखर तो असेल, तर त्याचे पुरावे त्याच्या मतदानात, ठरावांत, सहीच्या कागदांत, ध्वनिमुद्रित भाषणांत कुठे ना कुठे असणारच. ते असतील तर बनावट वाक्य कशाला हवे? आणि ते नसतील तर त्या माणसाच्या मनात काय आहे, हे आपल्याला कशावरून कळले? वाक्य मनातल्या अर्थाचा पुरावा म्हणून दाखवायचे आणि वाक्याचा पुरावा मागितला की मनातल्या अर्थाकडे बोट दाखवायचे, या फेऱ्यात दोन्हींपैकी काहीच सिद्ध होत नाही.

पंडित नेहरूंच्या नावावर खपवले जाणारे एक वाक्य या वृत्तीचे उत्तम उदाहरण आहे: शिक्षणाने मी इंग्रज, संस्कृतीने मुसलमान आणि केवळ जन्माच्या अपघाताने हिंदू आहे. हे नेहरूंनी स्वतःविषयी सांगितले, त्यांच्या आत्मचरित्रातही लिहिले, अशा खात्रीने ते आजही फिरते. त्याचा उगम नागपूरचे डॉ. ना. भा. खरे यांच्याकडे जातो. खरे आधी काँग्रेसचे, मध्य प्रांताचे मुख्यमंत्री होते, तेथून त्यांना जावे लागले आणि नंतर ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. नेहरूंचे ते वर्णन त्यांनी केले होते. कडव्या विरोधकाने आपल्या प्रतिस्पर्ध्याचे असे वर्णन करणे राजकारणात गैर नाही. खऱ्यांचा तो अधिकार होता आणि वाचकाने ते खऱ्यांचे मत म्हणून तोलावे. पण बोलणाऱ्याचे नाव पुसले गेले आणि विरोधकाचा आरोप आरोपीचा कबुलीजबाब बनला. ज्यांना नेहरूंचे धर्माविषयीचे विचार चुकीचे वाटतात त्यांच्यासाठी नेहरूंनी स्वतः लिहिलेली हजारो पाने उपलब्ध आहेत, त्यांतून खरी, पूर्ण, पानाच्या क्रमांकासह देता येतील अशी वाक्ये काढून त्यांच्यावर कितीही कठोर टीका करता येईल. ते कष्ट टाळून उसने वाक्य वापरण्याने टीकाकाराचाच दावा पोकळ होतो.

दुसरा गंभीर आक्षेप सत्तेच्या असमतोलाचा आहे, आणि तो मला बराचसा मान्य आहे. लाच घेणारा पावती देत नाही. ज्यांचा छळ झाला ती माणसे, विशेषतः स्त्रिया, नाव उघड करायला घाबरतात, आणि त्यांची भीती रास्त असते. पैसेवाला उमेदवार बदनामीचा दावा ठोकून लहान गावातल्या वार्ताहराला वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावू शकतो. अशा समाजात 'आधी पुरावा दाखवा' ही अट बलवानांची ढाल बनणार नाही का? बनू शकते, म्हणूनच कायदा आणखी कडक करा अशी मागणी मी करत नाही. माझी मागणी बोलणाऱ्याकडे आहे. उगम दाखवणे म्हणजे प्रत्येक वेळी कागद फडकवणे नव्हे. नाव गुप्त ठेवून माहिती देणारी व्यक्ती आणि अस्तित्वातच नसलेली व्यक्ती यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर मधला कोणीतरी स्वतःच्या नावाने भरून काढत असतो: हे मला सांगणारा माणूस मी ओळखतो, त्याला ते ठाऊक असण्याचे कारण मला माहीत आहे, आणि खोटे निघाले तर मी उत्तर देईन. असे म्हणणारा पत्रकार किंवा कार्यकर्ता असेल तर निनावी साक्षही वजनदार ठरते. 'असे म्हणतात', 'सर्वांना माहीतच आहे', 'मी फक्त प्रश्न विचारला' या शब्दांमागे मात्र कोणीच उभे नसते.

वैयक्तिक आरोपांची किंमत काय असू शकते, हे महाराष्ट्राने १९९१ मध्ये पाहिले. तेव्हाच्या अहमदनगर मतदारसंघात यशवंतराव गडाख आणि बाळासाहेब विखे पाटील यांच्यात लढत झाली. विखे पैशाच्या बळावर निवडणूक फिरवू पाहत आहेत, अशा स्वरूपाचे आरोप प्रचारसभांतून झाले आणि प्रकरण कलम १२३(४) खाली उच्च न्यायालयात गेले. गडाख यांची निवड रद्द झाली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती रद्द ठरवणारा निर्णय कायम ठेवला, गडाखांच्या प्रचारसभांत बोललेल्या शरद पवार यांच्याविरुद्धचा उच्च न्यायालयाचा निष्कर्ष मात्र बाजूला केला. त्याच निकालात न्यायालयाने असेही सुनावले की प्रचाराचा दर्जा वरच्या फळीतील नेत्यांनी राखला तर तो खालपर्यंत झिरपतो, आणि त्यांनीच तो घसरू दिला तर घसरण हिंसेपर्यंत आणि राजकारणाच्या गुन्हेगारीकरणापर्यंत पोहोचते. सभेतल्या टाळ्या मिळवणारे वाक्य न्यायालयात तपासायला किती कष्ट आणि किती काळ लागतो, हे या प्रकरणावरून समजावे. मतदान १९९१ मध्ये झाले आणि अंतिम निकाल १९९३ मध्ये आला. तोवर जवळजवळ अर्धा कार्यकाळ उलटून गेला होता. न्यायालय हे या रोगावरचे औषध होऊ शकत नाही, कारण ते नेहमी मतदानानंतर पोहोचते.

विलंबाचा हा प्रश्न आता अधिक बिकट झाला आहे. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत २० नोव्हेंबरला मतदान होते, आणि आदल्या संध्याकाळी सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे आवाज असल्याचे सांगत बिटकॉइनच्या व्यवहाराविषयीच्या ध्वनिफिती प्रसृत झाल्या. दोघांनीही ते आवाज आपले नाहीत असे सांगितले, आणि तपासणी करणाऱ्या काही माध्यमांना त्या कृत्रिमरीत्या तयार केल्याची चिन्हे आढळली. ज्यांनी त्या प्रसृत केल्या ते म्हणतील की गैरव्यवहाराचा संशय असेल तर मतदाराला तो मतदानाआधी कळला पाहिजे. तत्त्व म्हणून हे मला मान्य आहे. पण मतदान केंद्र उघडायला रात्र उरलेली असताना सोडलेली फीत मतदाराला माहिती देते की तपासण्याची संधीच हिरावून घेते? आरोप जितका उशिरा, तितकी त्याच्या उगमाची जबाबदारी मोठी, असा संकेत पक्षांनी आणि माध्यमांनी स्वतःहून पाळायला हवा. मतदानाच्या आदल्या दिवशी आलेल्या, मूळ फीत कोणाकडे आहे हे न सांगता दिलेल्या आवाजावर मथळा करणारे वृत्तपत्र कोणत्या बाजूचे आहे याने फरक पडत नाही.

चारित्र्याचे प्रश्न उगमासह विचारता येत नाहीत, अशीही स्थिती नाही. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी, मालमत्ता, कर्जे आणि शिक्षण जाणून घेणे हा मतदाराचा हक्क असल्याचे सांगितले आणि २००३ मध्ये तो हक्क कमी करू पाहणारी कायद्यातली तरतूद रद्द केली. तेव्हापासून प्रत्येक उमेदवार स्वतःच्या सहीने शपथपत्र देतो. त्यात प्रलंबित खटले असतात, पत्नी किंवा पतीची मालमत्ता असते, सरकारी देणी असतात. पाच वर्षांपूर्वीचे आणि आजचे शपथपत्र शेजारी ठेवले तर कितीतरी प्रश्न आपोआप उभे राहतात, आणि ते 'वैयक्तिक' म्हणून झटकता येत नाहीत. प्रलंबित खटला म्हणजे शिक्षा नव्हे, हे भान तेथेही ठेवावे लागते. तरी मला खेद याचा वाटतो की हा कागद सर्वांसाठी खुला असताना आपले बहुतेक वाद त्याला हात न लावता कुठून आले ते माहीत नसलेल्या वाक्यांवर रंगतात.

शेवटचा मुद्दा उगमाबाबतच्या ढिलाईचा फायदा नेमका कोणाला होतो याचा आहे, आणि त्यासाठी अमेरिकेची १८८४ ची अध्यक्षीय निवडणूक पाहण्यासारखी आहे. ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्यावर विवाहबाह्य अपत्याचा आरोप झाला. त्यांनी समर्थकांना खरे तेच सांगायला सांगितले आणि आरोपाची धार त्यामुळे बरीच बोथट झाली. त्यांचे प्रतिस्पर्धी जेम्स ब्लेन यांच्यावर रेल्वे कंपन्यांकडून लाभ घेतल्याचा आरोप १८७६ पासूनच होता. त्या वेळी त्यांची पत्रे एका हिशेबनिसाजवळ होती. ब्लेन यांनी ती त्याच्याकडून मिळवली, परत केली नाहीत, आणि प्रतिनिधिगृहात उभे राहून त्यांतले हवे ते भाग हव्या त्या क्रमाने स्वतःच वाचून दाखवले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, कारण मूळ संपूर्ण मजकूर दुसऱ्या कोणाच्या हाती नव्हता आणि विपर्यास केला असे म्हणण्याची सोय फक्त ब्लेन यांनाच उरली होती. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये आणखी पत्रे वृत्तपत्रांत पूर्ण छापून आली, तारखांसह, आणि त्यांतल्या एकावर ब्लेन यांचीच सूचना होती की हे पत्र जाळून टाकावे. त्यानंतर त्यांना आपले शब्द मोडतोड करून छापले असे म्हणता आले नाही, आणि नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्य हजार-अकराशे मतांनी हातचे गेल्यामुळे ते अध्यक्षपदाला मुकले.